एक तास वजनं उचलताना मध्येच कार्ब्स घ्यायलाच हवेत का?

तुम्ही लिहिलंय की संध्याकाळी सातला तासभर वजनं मारता आणि ट्रेनर म्हणतो, सेटच्या मधेमधे ग्लुकोजवालं पाणी प्यायला नाहीत तर स्नायू झडतील. प्यायलाच हवं का?

नाही. दुपारी पोळी-भाजी, वरण-भात खाल्लेला माणूस सातपर्यंत रिकामा होत नाही. स्नायूंत साधारण 300 ते 500 ग्रॅम ग्लायकोजेन (कार्ब्सपासून बनलेला साखरेचा साठा) असतं, आणि वजनांच्या एका सत्रात राबलेल्या स्नायूंतल्या साठ्यापैकी पंचवीस ते चाळीस टक्के खर्च होतं. शिवाय सेटचे पहिले आठ-दहा सेकंद मुख्यतः क्रिएटिन फॉस्फेटवर, म्हणजे स्नायूंतल्या झटपट ऊर्जेच्या छोट्या साठ्यावर, निघतात. ते भरून यायला दोन-तीन मिनिटं विश्रांती लागते, साखर नाही. आमच्या कोथरूडच्या जिममध्ये संध्याकाळी रॅकसाठी नंबर लागतात, म्हणून सगळे पाऊण मिनिटात पुढचा सेट उरकतात आणि तिसऱ्याला बार वर जाईना की शेकरकडे धावतात.

मीही धावलोय. संत्र्याच्या चवीचा एक महागडा डबा तीन महिने पुरवून प्यायलो. बेंच प्रेस (आडवं पडून छातीवरून बार उचलणं) 60 किलोला अडकला होता, तो तिथेच राहिला. मग एका चतुर्थीला डेडलिफ्टनंतर (जमिनीवरून बार उचलल्यावर) डोळ्यांपुढे अंधारी आली. ट्रेनरचं निदान तयारच होतं: "सर, उपासामुळे शुगर लो झाली." आता उपास म्हणजे दुपारी दोन वाट्या साबुदाण्याची खिचडी आणि वर बटाट्याचा कीस! त्या दिवशी माझ्याइतके कार्ब्स अख्ख्या जिममध्ये कुणी खाल्ले नसतील. झालं होतं एवढंच, की पाचही रेप्स (उचलण्याच्या खेपा) मी एका दमात, श्वास कोंडून काढले. श्वास सोडल्यावर रक्तदाब झपकन उतरतो आणि गरगरतं. हल्ली प्रत्येक रेपला श्वास सोडून नवा घेतो. पुन्हा अंधारी आली नाही.

दीड-दोन तासांच्या पुढे सलग दमसास लागणारं काम असेल, म्हणजे मॅरेथॉनचा सराव किंवा सिंहगड दोनदा चढणं, तर गोष्ट वेगळी. तिथे तासाला 30 ते 60 ग्रॅम कार्ब्सचा खरंच उपयोग होतो (मध्यम केळ्यात 25-एक ग्रॅम असतात). पहाटे उपाशीपोटी जाऊन पायांचे दहा-बारा सेट मारणार असाल तर निघण्याआधी एक केळं खा. तालमीतल्या पोरांसारखी सकाळ-संध्याकाळ मेहनत असेल तर दोन्हींच्या मधलं जेवण चुकवू नका.

मधुमेह असेल, त्यातही इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर वरचं काहीही धरून चालू नका. व्यायामात साखर खरोखर खाली जाऊ शकते. डॉक्टरांना विचारा आणि ग्लुकोजची पुडी खिशात ठेवा.


बाकी, येत्या आठवड्यात घड्याळ लावून दोन सेटमध्ये तीन मिनिटं थांबून बघा. रॅकपाशी कुणी कुरकुरलं तर कुरकुरू दे.