रेकग्निशनला ‘मान्यता’ म्हणायचं की ‘ओळख’?

ऐरोलीच्या एका मुलीने विचारलंय, की एमएसाठी ती ॲक्सेल होनेथ या जर्मन विचारवंतावर टिपण लिहितेय, त्यात रेकग्निशन हा शब्द सारखा येतो, सरांनी ‘मान्यता’ सुचवलं पण तिला ‘ओळख’ जवळचा वाटतो, तर काय वापरू.

मी म्हणेन मान्यता. पण ओळख शब्द तिला का आवडला तेही कळतं मला. जर्मनमध्ये दोन शब्द आहेत, एर्केनेन म्हणजे नुसतं ओळखणं, कोण आहे ते कळणं, आणि आनएर्केनुंग म्हणजे त्याच्या पुढचं, समोरच्याला माणूस म्हणून दाद देणं. इंग्रजीत दोन्ही रेकग्निशनमध्येच कोंबलेत. मराठीत मात्र हा फरक रोजच्या बोलण्यात आहे. मागच्या महिन्यात ठाणे स्टेशनच्या पुलावर शाळेतला मित्र समोर आला, नजरानजर झाली, आणि तो पटकन मोबाईलमध्ये बघत पुढे गेला. घरी येऊन मी बायकोला म्हटलं, त्याने ओळखलं गं, पण ओळख दाखवली नाही. झालं की! होनेथनी 2001 मध्ये ‘अदृश्य असणं’ यावर निबंध लिहिला त्यात हाच फरक ते समजावत होते. नुसतं ‘ओळख’ लिहिलं तर मात्र लोक आयडेंटिटी समजतात, तिथे घोळ होतो.

आता ‘मान्यता’ म्हटलं की शाळेची मान्यता, शिक्का, वरच्याने खालच्याला दिलेली परवानगी आठवते. हेगेल या जर्मन तत्त्वज्ञाच्या 1807 च्या ग्रंथातला मालक आणि दास इथेच अडकतात, मालकाला दासाकडून मान तर मिळतो पण ज्याला आपण बरोबरीचा मानतच नाही त्याने दिलेल्या मानाला किंमत काय राहिली? म्हणजे ही गोष्ट दोन्हीकडून व्हावी लागते.

तरी मी मान्यताच म्हणतो कारण त्याच्या पोटात ‘मानणं’ आहे. होनेथनी 1992 च्या पुस्तकात तीन प्रकार सांगितले, प्रेम, हक्क आणि समाजाने केलेली कदर. मराठीत बघा, सासूने मला लेकीसारखं मानलं, कोर्टाने हक्क मान्य केला, आणि मानलं बुवा तुला! तिन्ही एकाच क्रियापदात बसतात, आणि उलट बाजूला अमान्य, अवमान तयारच आहेत. मला तर हे फार सुंदर वाटतं.

नवी मुंबईत हे जास्त जाणवतं. शहर वसवायला आगरी-कोळ्यांच्या जमिनी गेल्या, 1984 च्या आंदोलनात गोळीबारात पाच जण गेले, पुढे साडेबारा टक्के जमीन परत द्यायचं ठरलं. करावे गावातल्या माझ्या मित्राकडे वडिलांचा दाखला प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलाय, त्यावर शब्द आहे प्रकल्पग्रस्त. ग्रस्त हे आपण पुराला, रोगाला लावतो. ते स्वतःला भूमिपुत्र म्हणतात. 2021 ला इथल्या नव्या विमानतळाला 1984 च्या आंदोलनाचे नेते दि. बा. पाटलांचं नाव द्या म्हणून हजारो लोक रस्त्यावर आले, त्या नावाने कोणाला गुंठाभर जमीन मिळणार नव्हती. नॅन्सी फ्रेझर या अमेरिकन विचारवंत म्हणतात मान्यता आणि वाटप (म्हणजे पैसा, जमीन कोणाला किती) हे दोन वेगळे प्रश्न आहेत, दोन्ही लढावे लागतात, एकात दुसरा विरघळवू नका. होनेथ म्हणतात वाटपाचं भांडणसुद्धा मुळात मानण्याचंच असतं (दोघांचा हा वाद 2003 च्या एकत्र पुस्तकात आहे). मित्राचे वडील एकदा म्हणाले, पैसे कमी मिळाले ते सोड, पण कोणी विचारलंच नाही रे आम्हाला. त्या दिवसापासून मी होनेथच्या बाजूला थोडा जास्त झुकलोय.

तर टिपणात पहिल्यांदा ‘परस्पर-मान्यता’ लिही, आणि पुढे जमेल तिथे नाम सोडून क्रियापदावर ये. ‘त्यांची मान्यता नाकारली गेली’ असं लिहिण्यापेक्षा ‘त्यांना कोणी माणूस म्हणून मानलंच नाही’ असं लिही.