प्राणवायू परतल्यावरही पेशी का मरतात?

प्रश्न : माझी नात येथे प्राणिशास्त्र शिकते. श्वास कोंडलेल्या जनावराला प्राणवायू पुन्हा मिळाला, तरी त्याच्या मेंदूतील पेशी नंतर मरतात, असे ती सांगते. हे कसे?
– एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : आपल्या नातीचे म्हणणे खरे आहे. मेंदूजवळ प्राणवायूचा साठा जवळजवळ नसतोच. पुरवठा तुटताच एटीपी हे ऊर्जाद्रव्य काही मिनिटांत संपते, पेशींतील सोडियम-पोटॅशियमची आत-बाहेर ने-आण करणारे पंप थांबतात, लॅक्टिक आम्ल साचते आणि एरवी निरोप पोहोचवणारे ग्लुटामेट पेशींबाहेर इतके साठते की शेजारच्या पेशींत कॅल्शियम अनिर्बंध शिरू लागते. हे कॅल्शियम जी विकरे (एन्झाइम्स) जागी करते, ती पेशीचीच प्रथिने आणि आवरण पोखरतात; हे काम रक्त पुन्हा वाहू लागल्यावरही चालू राहते.

जपानी संशोधक ताकाआकी किरिनो यांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग मला फार महत्त्वाचा वाटतो. जर्बिल या उंदरासारख्या प्राण्याच्या मेंदूचा रक्तपुरवठा त्यांनी अवघी ५ मिनिटे रोखला. पहिल्या दिवशी हिप्पोकॅम्पस या स्मृतीशी निगडित भागातील पेशी सूक्ष्मदर्शकाखाली जवळपास नेहमीसारख्या दिसत होत्या. चौथ्या दिवशी त्याच भागातील एका पट्ट्यातल्या बहुतेक पेशी नष्ट झाल्या होत्या.

गोड्या पाण्यातील काही कासवे मात्र प्राणवायूविना तासन्‌तास तग धरतात, कारण त्यांच्या मेंदूत गाबा हे शांतवणारे रसायन वाढते आणि ऊर्जेची मागणीच उतरते. आपल्या नातीने हा फरक जरूर अभ्यासावा.