वाचकांचे प्रश्न : युरोपातल्या साथींचा माग

युरोपीय देश एकमेकांच्या साथींवर नजर कशी ठेवतात, याविषयी आलेल्या पत्रांपैकी चार प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न : आई-बाबा इटली आणि ऑस्ट्रियाची सहल करून परतले. सहाव्या दिवशी बाबांना ताप आला, न्यूमोनिया निघाला. डॉक्टरांनी औषध सुरू करतानाच प्रत्येक हॉटेलचं नाव आणि तारखा मागितल्या. इतक्या लांबच्या हॉटेलचा इथल्या उपचारांशी काय संबंध? (पुणे)

उत्तर : डॉक्टरांनी नेमका प्रश्न विचारला. त्यांना लीजनेअर्स रोगाची शंका आली असणार. लीजनेला हा जीवाणू कोमट पाण्यात, साधारण २५ ते ४५ अंश सेल्सियसला, जोमाने वाढतो. शॉवर, जकुझी, कारंजी, वातानुकूलन यंत्रणेचे कूलिंग टॉवर यांच्या बारीक तुषारांतून तो फुप्फुसात जातो. एका माणसाकडून दुसऱ्याला तो लागत नाही, त्यामुळे बाबांना वेगळ्या खोलीत ठेवण्याची गरज नाही. लागण आणि लक्षणं यांत सहसा २ ते १० दिवस जातात, म्हणून आजारापूर्वीच्या दहा दिवसांतला प्रत्येक मुक्काम मोलाचा. उपचारांशी संबंध असा की हा जीवाणू पेशींच्या आत वाढतो. पेनिसिलिनच्या गटातली औषधं त्याच्यावर चालत नाहीत; अझिथ्रोमायसिन किंवा लिव्होफ्लोक्सासिन लागतं.

आता हॉटेलांचं. समजा, एका हॉटेलात उतरलेला जर्मन प्रवासी मे महिन्यात आजारी पडला आणि डच प्रवासी सप्टेंबरात. दोघांची नोंद आपापल्या देशात झाली, तर हॉटेलकडे कोणाचंच लक्ष जाणार नाही. हे टाळण्यासाठी, प्रवासात लीजनेअर्स झालेल्या रुग्णांच्या देशोदेशीच्या नोंदी एकत्र आणणारं ईएलडीएसनेट हे जाळं आहे. २०१० पासून त्याचं काम युरोपीय रोगनियंत्रण केंद्र, म्हणजे ईसीडीसी, पाहतं. दोन वर्षांच्या आत एकाच हॉटेलशी जोडलेले दोन रुग्ण सापडले की तो समूह मानतात आणि घड्याळ सुरू होतं. दोन आठवड्यांत त्या देशाने धोक्याची तपासणी करून उपाय सुरू केल्याचं कळवायचं आणि सहा आठवड्यांत पाण्याचे नमुने घेतल्याचं व उपाय पूर्ण झाल्याचं. तसं कळवलं नाही, तर ईसीडीसी हॉटेलचं नाव जाहीर करतं. दंड करण्याचा अधिकार नसलेल्या संस्थेच्या हाती हे फार प्रभावी साधन आहे.

दोष बहुधा ठरावीक जागी सापडतो: इंधन वाचवायला गरम पाण्याच्या टाकीचं तापमान ६० अंशांखाली आणलेलं, हंगामाबाहेर खोल्या बंद राहून नळांत पाणी साचलेलं, किंवा नूतनीकरणात तोडलेल्या पाइपचं टोक तसंच राहिलेलं.

आपण दोन गोष्टी कराव्यात. हॉटेलांची नावं, तारखा, खोली क्रमांक, जकुझी वापरली का, हे एका कागदावर लिहून डॉक्टरांकडे द्या. रुग्णालयामार्फत ते जिल्हा सर्वेक्षण अधिकाऱ्यांकडे आणि पुढे दिल्लीच्या राष्ट्रीय रोगनियंत्रण केंद्राकडे जाऊ शकतं. दुसरं, लघवीच्या अँटिजेन चाचणीबरोबर थुंकीचं कल्चर, म्हणजे थुंकीतला जीवाणू प्रयोगशाळेत वाढवून पाहणं, होईल का ते विचारा. लघवीची चाचणी झटपट होते, पण ती मुख्यतः एकाच उपप्रकाराला पकडते. शिवाय रुग्णातला जीवाणू आणि हॉटेलच्या पाण्यातला जीवाणू एकच आहे, हे कल्चरशिवाय सिद्ध करणं फार अवघड असतं. मात्र त्यासाठी औषध लांबवू नये.

प्रश्न : आमच्या घरी मेथीला मोड आणून खातात. मेथीच्या मोडांनी जर्मनीत माणसं दगावली, असं ऐकलं. काहीजण म्हणतात काकडीमुळे. खरं काय? (नाशिक)

उत्तर : मोडांमुळे. काकडी निर्दोष होती. २०११ च्या मे महिन्यात उत्तर जर्मनीत रक्ती जुलाबाचे रुग्ण एकाएकी वाढले. जीवाणू होता ई. कोलायचा ओ१०४:एच४ हा प्रकार. त्याचं विष मूत्रपिंडांवर घाला घालतं. त्या अवस्थेला एचयूएस म्हणतात. एरवी एचयूएस लहान मुलांमध्ये दिसतो, इथे मात्र प्रौढ, त्यातही स्त्रिया अधिक होत्या. साथ संपेपर्यंत सुमारे ३,८०० रुग्ण झाले, ८०० हून अधिक जणांना एचयूएस झाला आणि ५० हून अधिक माणसं गेली.

२२ मे रोजी जर्मनीने युरोपच्या इशारा यंत्रणेत नोंद केली. २६ मे रोजी हॅम्बुर्गच्या आरोग्य खात्याने स्पेनच्या काकड्यांकडे बोट दाखवलं. काकड्यांवर विष तयार करणारा ई. कोलाय खरंच सापडला होता, पण तो दुसऱ्या प्रकारचा होता. हे कळेपर्यंत स्पेनच्या शेतकऱ्यांचा माल सडू लागला होता. रशियाने तर युरोपीय संघाच्या सगळ्याच भाज्यांना बंदी घातली. जीवाणूचा प्रकार जुळण्याआधी देशाचं नाव घेणं ही आमच्या मते या प्रकरणातली सर्वांत महागडी चूक.

खरा स्रोत हाती येणं कठीण होतं, कारण मोड हा ताटातला लक्षात न राहणारा पदार्थ. सुरुवातीच्या मुलाखतींत जेमतेम चौथाई रुग्णांना मोड खाल्ल्याचं आठवलं. मग तपास पथकाने आठवणींचा नाद सोडला. एका उपाहारगृहात जेवलेल्या गटांची बिलं आणि छायाचित्रं घेतली, आणि कोणत्या पदार्थात काय घालतात ते स्वयंपाक्यांना विचारलं. तेव्हा दिसलं की आजारी पडलेल्या प्रत्येकाच्या ताटात मोड होते. दुसरीकडे अन्नपुरवठ्याचा माग काढणारे लोअर सॅक्सनीतल्या बीननब्युटेल गावच्या मोड पिकवणाऱ्या शेतापर्यंत पोचले. १० जूनला मोडांवर शिक्कामोर्तब झालं.

तरी मूळ बी कुठलं, हे उरलंच होतं. शेतावर अनेक प्रकारची बियाणं होती. उत्तर आलं फ्रान्समधून. बोर्दोजवळच्या बेग्ल इथे जून महिन्यात एका कार्यक्रमात जेवलेले लोक त्याच जीवाणूने आजारी पडले. त्यांनी खाल्लेले मोड जर्मनीतून आलेले नव्हते, तिथेच उगवलेले होते. दोन्ही ठिकाणच्या पावत्या उलट्या क्रमाने लावत गेल्यावर त्या एकाच धाग्यावर आल्या: इजिप्तहून आयात केलेलं मेथीचं बी. बियांवर तो जीवाणू प्रत्यक्ष कधीच सापडला नाही. निष्कर्ष उभा राहिला तो दोन देशांनी एकमेकांपुढे उघड केलेल्या नोंदींवर. युरोपीय संघाने मग इजिप्तहून येणाऱ्या काही बियाण्यांवर तात्पुरती बंदी घातली.

घरच्या मोडांबद्दल: बी वरून धुतल्याने जीवाणू जात नाहीत, ते सालीच्या भेगांत लपतात. मोड येण्यासाठी लागणारी ऊब आणि ओल त्यांनाही मानवते. तेव्हा उसळ चांगली उकळून खा. कच्चे मोड लहान मुलं, गरोदर स्त्रिया आणि वयस्करांना देऊ नयेत.

प्रश्न : ईसीडीसी एखादा कारखाना बंद करू शकतं का? आणि ‘चोवीस तासांचा नियम’ म्हणजे काय? (कोल्हापूर, वैद्यकीय विद्यार्थी)

उत्तर : नाही करू शकत. २००३ च्या सार्स साथीनंतर स्थापन झालेलं आणि २००५ पासून स्टॉकहोममधून चालणारं हे केंद्र माहिती गोळा करतं, धोक्याचं मूल्यमापन करतं, सल्ला देतं. कुलूप लावण्याचा अधिकार त्या त्या देशाचाच.

तज्ज्ञांना एखादी विचित्र गोष्ट दिसली, तर ते ती एपिपल्स या व्यासपीठावर मांडतात आणि इतर देशांत तसं काही आहे का, ते विचारतात. सरकारी पातळीवरचा इशारा वेगळा. तो ईडब्ल्यूआरएस या यंत्रणेतून जातो. आजार अनपेक्षित असेल, वेगाने वाढत असेल, बरेच मृत्यू होत असतील किंवा देशाच्या आवाक्याबाहेर जात असेल, आणि तो एकाहून अधिक देशांना भोवण्याची व संयुक्त कारवाईची गरज पडण्याची शक्यता असेल, तर कळल्यापासून २४ तासांत नोंद करायची. सध्या हे २०२२ च्या नियमावलीनुसार चालतं.

गोम ‘कळल्यापासून’ या शब्दात आहे. राष्ट्रीय संस्थेला कळण्याआधी जिल्ह्यात गेलेले दिवस या घड्याळात धरले जात नाहीत. २०११ मध्ये जर्मनीत जिल्ह्याकडून राज्याकडे आणि राज्याकडून केंद्रीय संस्थेकडे नोंदी आठवड्याच्या हिशेबाने सरकत होत्या. २०१३ मध्ये कायदा बदलून प्रत्येक टप्प्याला पुढच्या कामाच्या दिवसाची मुदत घातली.

देशोदेशीचे आकडे ताडून पाहताना आणखी सावध राहा. रुग्णाची ‘संभाव्य’, ‘शक्यता दाट’ आणि ‘निश्चित’ अशी वर्गवारी सर्वत्र एक आहे, पण चाचण्या किती होतात ते एक नाही. लीजनेअर्सचे बहुतांश नोंदलेले रुग्ण इटली, फ्रान्स, स्पेन आणि जर्मनी या चारच देशांतले असतात. पूर्व युरोपातल्या काही देशांचे नगण्य आकडे तिथलं पाणी स्वच्छ असल्याचा पुरावा नव्हेत.

प्रश्न : मुलगी म्युनिकला राहते, नात आठ महिन्यांची आहे. तिथल्या सांडपाण्यात पोलिओ सापडल्याचं वाचलं. काळजी करावी का? (रत्नागिरी)

उत्तर : नातीचं लसीकरण वेळेवर असेल तर नको. २०२४ च्या उत्तरार्धात स्पेन, पोलंड, जर्मनी, ब्रिटन आणि फिनलंड या देशांच्या सांडपाण्यात लसीपासून (तोंडावाटे द्यायच्या लसीतल्या कमजोर विषाणूत बदल होऊन) उद्भवलेला प्रकार २ चा पोलिओ विषाणू मिळाला. एका शहरातला एक नमुना म्हणजे एखादा प्रवासी येऊन गेला, इतकंच म्हणता येतं. पाच देशांनी जनुकीय क्रम शेजारी ठेवल्यावर मात्र त्यांचं आपसातलं नातं दिसलं. तिथे दिली जाणारी टोचायची लस पोलिओच्या लुळेपणापासून उत्तम संरक्षण देते, पण आतड्यात विषाणू वाढणं पूर्ण थांबवत नाही; म्हणून कोणी आजारी नसतानाही तो गटारात दिसू शकतो. जर्मनीत बाळांना ही लस दोन, चार आणि अकरा महिन्यांना देतात. पहिल्या दोन मात्रांची नोंद पिवळ्या लसीकरण पुस्तिकेत आहे का, ते मुलीला पाहायला सांगा. राहिली असेल तर बालरोगतज्ज्ञांकडे लगेच वेळ घ्यावी, अकराव्या महिन्याची वाट पाहू नये.