गणिती सूत्रे आधीच मांडून ठेवण्याविषयी

प्रश्न : मी भौतिकशास्त्राच्या टिपणांचे संकेतस्थळ चालवते. सूत्रे लाटेकच्या (बॅकस्लॅशने सुरू होणाऱ्या आज्ञांनी गणित लिहिण्याच्या) पद्धतीने लिहिते आणि मॅथजॅक्स ही जावास्क्रिप्ट ती वाचकाच्या ब्राउझरमध्ये मांडते. लांब पानांवर मात्र आधी कच्ची सूत्रे दिसतात आणि मग सगळा मजकूर खाली-वर सरकतो. हे काम आधीच कमांड लाइनवर, म्हणजे टर्मिनलवर आज्ञा टंकून, उरकता येईल का?

उत्तर : जरूर येईल, आणि जी पाने एकदा लिहिल्यावर क्वचितच बदलतात त्यांच्यासाठी तेच करावे, असे माझे ठाम मत आहे. सध्या तेच ते सूत्र प्रत्येक वाचकाच्या फोनवर नव्याने मांडले जाते. ते आपल्याच संगणकावर एकदा मांडून ठेवले, तर पानासोबत त्यासाठीची जावास्क्रिप्ट पाठवावी लागत नाही आणि मजकूरही जागचा हलत नाही.

आपण मार्कडाउनमध्ये (साध्या चिन्हांनी मजकुराची मांडणी सांगण्याच्या पद्धतीत) लिहीत असाल तर पॅनडॉक हे मजकुराचे रूप बदलणारे साधन घ्यावे. त्याला मॅथएमएलचा (वेबपानात सूत्रे लिहिण्याच्या भाषेचा) आणि पूर्ण पानासाठीचा स्टँडअलोन असे दोन पर्याय दिले की, डॉलर-चिन्हांमधली सर्व सूत्रे ते मॅथएमएलमध्ये बदलून पूर्ण एचटीएमएल पान तयार करते. मॅथएमएल ही वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यू३सी संस्थेची १९९८ पासूनची शिफारस असली, तरी क्रोममध्ये तिचा आधार जानेवारी २०२३ मध्ये, १०९ व्या आवृत्तीत आला. फायरफॉक्स आणि सफारी यांत तो त्याआधीपासूनच होता. त्यामुळे आता हा मार्ग निर्धास्तपणे धरता येतो. पॅनडॉकमध्ये कॅटेक्स (मॅथजॅक्ससारखेच सूत्रे मांडणारे साधन) नावाचाही पर्याय आहे, पण त्याने फसू नये : तो पानात केवळ कॅटेक्सचे दुवे घालतो आणि सूत्रे मांडण्याचे काम पुन्हा ब्राउझरवरच येऊन पडते.

सर्व ब्राउझरांत सूत्र तंतोतंत सारखे दिसावे असा आग्रह असेल, तर मात्र खुद्द कॅटेक्सचे कमांड लाइन साधन वापरावे. खान अकॅडमीने २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेले हे साधन नोडवर (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रणालीवर) चालते. एका वेळी एक सूत्र घेते आणि त्याचे एचटीएमएल देते, म्हणून पूर्ण पानासाठी छोटी स्क्रिप्ट लिहावी लागते. स्वतंत्र ओळीतल्या सूत्रासाठी डिस्प्ले मोड सांगावा लागतो, नाहीतर बेरजेच्या चिन्हाच्या मर्यादा खाली-वर न बसता बाजूला चिकटतात. कॅटेक्स प्रत्येक सूत्र दोनदा लिहिते : डोळ्यांसाठी एचटीएमएल आणि मजकूर वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरसाठी मॅथएमएल. त्यातले दुसरे रूप कॅटेक्सची स्टाइलशीट (पानाचे रूप ठरवणारी फाइल) नजरेआड ठेवते. ती जोडायची राहिली तर पानावर प्रत्येक सूत्र दोनदा उमटते. स्टाइलशीट आणि फाँट त्याच आवृत्तीचे घ्यावेत. सूत्रांच्या प्रतिमा करून पानात चिकटवण्याचा जुना उपाय मी सुचवणार नाही. दृष्टिहीन वाचकाला पर्यायी मजकुरावाचून त्यातले काहीच वाचता येत नाही, आणि ज्याच्यासाठी टिपणे लिहायची त्यालाच सूत्र न मिळणे मला मान्य नाही.

प्रश्न : टर्मिनलवर सूत्र देऊन पाहिले, तर थीटाऐवजी मोकळी जागा आणि पुढे ‘हेटा’ एवढीच अक्षरे उमटली. असे का व्हावे?

उत्तर : सूत्र साधनापर्यंत पोहोचण्याआधीच बदलले आहे. काही शेलमधली (टर्मिनलवरच्या आज्ञा वाचणाऱ्या प्रोग्रॅममधली) एको ही मजकूर उमटवणारी आज्ञा बॅकस्लॅश आणि टी ही जोडी टॅब समजते, त्यामुळे थीटाचे पहिले अक्षर गळते. त्याच न्यायाने फ्रॅक या अपूर्णांकाच्या आज्ञेतला एफही जातो. सूत्र दुहेरी अवतरणात ठेवले तर आणखी एक अडचण येते, कारण डॉलर-चिन्हापुढचे अक्षर शेलला चलाचे (व्हेरिएबलचे) नाव वाटते आणि ते चल नसेल तर तेथे काहीच उरत नाही. एकेरी अवतरणाने डॉलरचा प्रश्न सुटतो, एकोचा सुटत नाही. म्हणून सूत्र साध्या मजकूर-फाइलीत लिहावे आणि ती फाइलच साधनाच्या इनपुटला जोडावी. मग शेल त्यातल्या एकाही चिन्हाला हात लावत नाही.