पडद्याअलीकडचा लॅरी, पडद्यापलीकडचा लॅरी

प्रश्न : लॅरी सँडर्स हा अमेरिकी सूत्रसंचालक खरंच होऊन गेला का? ‘द लॅरी सँडर्स शो’ या त्याच्या मालिकेत मंचावरचं चित्र एक दिसतं, पडद्यामागचं निराळंच. आमच्या नाट्यमंडळाला अशाच काल्पनिक टॉक शोवर लघुपट करायचा आहे. हा फरक साध्या कॅमेऱ्यांवर जमेल का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : लॅरी काल्पनिकच. पण तो साकारणारे गॅरी शँडलिंग जॉनी कार्सन यांच्या ‘टुनाइट शो’ या रात्रीच्या अमेरिकी गप्पांच्या कार्यक्रमात बदली सूत्रसंचालक म्हणून बसत, त्यामुळे त्या खुर्चीची धास्ती त्यांना आतून ठाऊक होती. मालिका एचबीओ या अमेरिकी वाहिनीवर १९९२ ते १९९८ चालली. त्या काळात लॅरीचा संसार मोडतो, तो मोंटाना राज्यात निघून जातो, परततो आणि त्याची वाहिनी तरुण विनोदवीर जॉन स्टुअर्टकडे झुकल्यावर कार्यक्रम सोडतो.

मंचावरचा भाग अनेक कॅमेऱ्यांनी, प्रेक्षकांसमोर, व्हिडिओवर घेतलेला. मागचा भाग फिल्मवर, हशा न भरता. अमेरिकी व्हिडिओत सेकंदाला सुमारे ६० प्रतिमा, फिल्मवर २४. म्हणून मंचावरची हालचाल गुळगुळीत वाटते. सर्वांत सुंदर जागा म्हणजे जाहिरातीची विश्रांती: लॅरी त्याच टेबलाशी, पाहुणा शेजारीच, पण चित्र फिल्मचं होतं आणि हसरा चेहरा उतरतो.

तुम्ही मंच सेकंदाला ५० फ्रेम्सवर (म्हणजे ५० प्रतिमांवर) घ्या, शटर (प्रत्येक प्रतिमेला उजेड मिळण्याचा वेळ) १/१०० सेकंद. मागचा भाग २५ वर, शटर १/५०. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्याने या शटरवर ट्यूबलाइट लुकलुकत नाही. मंचावर तीन कॅमेरे ट्रायपॉडवर, उजेड सपाट, सावल्या कमी. सुरुवातीला एकदा टाळी वाजवा म्हणजे तिन्हींचा आवाज जुळवता येतो. मागे एकच कॅमेरा, हातात.

विश्रांतीचा क्षण दोनदा चित्रित करावा लागेल. आधी ५० वर, टाळ्या संपेपर्यंत. मग कोणालाही जागेवरून हलू न देता २५ वर, शेवटचं वाक्य पुन्हा म्हणवून. नटाने मधे पाणी प्यायलं तरी पेल्याची जागा बदलते आणि जोड उघडा पडतो.

बहुतेकांचं काम संकलनात बिघडतं. टाइमलाइन (संकलनाच्या सॉफ्टवेअरमधली, तुकडे जोडायची पट्टी) २५ ची ठेवली की मंचाच्या निम्म्या फ्रेम्स गळतात आणि दोन्ही भाग सारखे दिसू लागतात. ती ५० चीच ठेवा. २५ ची प्रत्येक फ्रेम आपोआप दोनदा दिसेल. निर्यातही ५० वरच. यूट्यूबवर टाकणार असाल तर ७२० पी किंवा त्याहून वरच्या दर्जात पाहायला सांगा, खालच्या दर्जात हा फरक नाहीसा होतो.