डिजिटल मीडियाचा पेपर देणाऱ्या एकीला

प्रिय बेटा,

कोणतं सॉफ्टवेअर आधी शिकू, असं तू विचारलंस. रात्र रात्र ट्युटोरियल पाहून राहिलीस, हेही तुझ्या आईकडून कळलं. पण लेखी पेपरात माऊस नसतो. तिथे एक ग्राहक असतो, त्याची गरज चार ओळींत दिलेली असते, आणि तू काय बनवशील व तसंच का बनवशील, एवढंच विचारलेलं असतं. ‘आकर्षक दिसेल’ असं लिहिलंस की मार्क गेले. कोणाला आकर्षक?

समज, प्रश्न आला : आपल्या नागपूरच्या सीताबर्डी मेट्रो स्टेशनातल्या स्क्रीनसाठी मारबतीच्या, म्हणजे इडापिडा घालवायला काढतात त्या पुतळ्यांच्या, मिरवणुकीची १५ सेकंदांची जाहिरात. बहुतेक मुलं आधी ढोलताशा निवडतील. अगं, त्या गर्दीत तो ऐकू कोणाला येणार? गाडी बदलायच्या घाईतला माणूस मान वर करून दोन-तीन सेकंद बघेल. मग अक्षरं मोठी हवीत, आणि तारीख शेवटच्या फ्रेमसाठी राखून न ठेवता पहिल्यापासून पडद्यावर हवी. महाल-इतवारीतल्या माणसाला मारबत पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघते हे सांगायची गरज नाही; शिकायला बाहेरगावाहून आलेल्या पोराला आहे. यातला तुझा प्रेक्षक कोणता, ते ठरव आणि कागदावर लिही. पुढचा प्रत्येक निर्णय त्याच्याकडे बोट दाखवून सांगता आला पाहिजे.

स्टोरीबोर्डात, म्हणजे शॉट क्रमाने मांडलेल्या चौकटींत, चित्रकला दाखवत बसू नकोस. शॉट जवळचा की लांबचा, कॅमेरा कुठून, किती सेकंद, आवाज कोणता, पुढच्या शॉटकडे कट (एकदम) की फेड (हळूहळू विरत), हे लिहिलेलं असलं पाहिजे. सुंदर चित्रं काढून सेकंद न लिहिणारी मुलं मी दरवर्षी पाहतो.

आता ज्याला तू घाबरतेस ते फाइल साइझचं गणित. फुल एचडी फ्रेम म्हणजे १९२० × १०८० पिक्सेल. एका पिक्सेलला ३ बाइट धरले तर एक फ्रेम साधारण ६.२ एमबी. सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे १५५ एमबी. आपली १५ सेकंदांची जाहिरात आवाज न धरताच २.३ जीबीच्या वर जाते. कॉम्प्रेशन, म्हणजे फाइल दाबून लहान करणं, का लागतं, याचं याहून चांगलं उत्तर नाही. ही बेरीज-गुणाकार पेपरातच मांडून दाखव. चित्रांच्या फाइलींत जेपीईजी लहान होताना माहिती कायमची टाकून देतं, पीएनजी टाकत नाही आणि पारदर्शक पार्श्वभूमी ठेवतं, लोगो मात्र व्हेक्टरच हवा, म्हणजे पिक्सेलऐवजी रेषा-आकारांनी बनलेला, कितीही मोठा केला तरी न फुटणारा. छापायच्या ए४ पानाला ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) २४८० × ३५०८ पिक्सेल लागतात, त्यामुळे व्हॉट्सअॅपवरून लहान होऊन आलेला फोटो तिथे फुटतो. चौकातल्या फ्लेक्सला इंचाला इतके ठिपके लागत नाहीत, कारण तो लांबून पाहतात.

कॉपीराइटवर प्रश्न येतोच. आपला कायदा १९५७ चा. गीतकार-संगीतकाराचा हक्क मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. ‘सौजन्य : गूगल’ लिहिल्याने परवानगी मिळत नाही. क्रिएटिव्ह कॉमन्समध्येही अटी असतात : बीवाय असेल तर श्रेय द्यायचं, एनसी असेल तर धंद्यासाठी वापरायचं नाही, एनडी असेल तर बदलून पुढे द्यायचं नाही. माझं ऐकशील तर प्रॅक्टिकलला आवाज स्वतःच रेकॉर्ड कर, इतवारीत तासभर फिरलीस तरी पुष्कळ मिळेल. लहान मुलांचे चेहरे घेशील तर त्यांच्या आईवडिलांना आधी विचार.

एक धंद्यातली गोष्ट, जी पुस्तकात सहसा नसते. मराठी मजकूर युनिकोडमध्येच, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरना कळणाऱ्या अक्षर-पद्धतीतच, टाइप कर. जुन्या फॉन्टमधला मजकूर शाळेच्या कॉम्प्युटरवर उघडला, आणि तिथे तो फॉन्ट नसला, की अक्षरांचा चिवडा होतो. सीताबर्डीतले प्रिंटिंगवाले म्हणूनच ‘कर्व्ह करून आण’ म्हणतात. तूही पोस्टर देताना अक्षरांचे आकार करून एक प्रत ठेव. मूळ फाइल वेगळी ठेव, नाहीतर चूक सापडली तरी सुधारता येणार नाही. व्हिडिओचं एमपी४ दुसऱ्या कॉम्प्युटरवर एकदा चालवून बघ.

रविवारी ये. येताना मारबतीच्या त्या जाहिरातीचा स्टोरीबोर्ड सहा चौकटींत काढून आण. काडीची माणसं चालतील, सेकंदांची बेरीज १५ आली पाहिजे.

तुझा,
काका