‘तुलनात्मक लाभ’: तुलना कशाची, लाभ कसला?

प्रश्न असा: अर्थशास्त्रातला ‘तुलनात्मक लाभ’ म्हणजे एका देशाला दुसऱ्याच्या तुलनेत होणारा जास्त फायदा का? आणि त्याला ‘तौलनिक लाभ’ म्हटलं तर चालेल का?

दुसरा भाग लगेच संपतो. चालेल. दोन्ही विशेषणं ‘तुलना’पासूनच झाली आहेत, अर्थशास्त्रात ‘तुलनात्मक’ रुळलं, एवढंच.

पहिल्याचं उत्तर मात्र ‘नाही’, आणि या गैरसमजाला शब्दच बराचसा जबाबदार आहे. ‘लाभ’ हा ‘लभ्’ म्हणजे मिळणे या धातूपासून आलेला. म्हणून मराठीत लाभ होतो, मिळतो, पदरात पडतो. इथे मात्र सांगायची आहे ती व्यवहाराच्या आधीपासून असलेली अनुकूलता. व्यवहारानंतर हाती येतं ते वेगळं. त्याला ‘व्यापारापासूनचा लाभ’ म्हणतात. कल्पना दोन आणि नाम एकच, म्हणून विभक्ती आणि क्रियापद सांभाळावं लागतं: ‘पोर्तुगालला वाइनमध्ये तुलनात्मक लाभ आहे’, पण ‘पोर्तुगालला व्यापारातून लाभ होतो’. ‘तुलनात्मक लाभ झाला’ असं वाक्य दिसलं, की लिहिणाऱ्याची गल्लत झाली असं खुशाल समजावं.

आता तुलना कशाची ते पाहू. अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड रिकार्डोने १८१७ साली दिलेले आकडे अजूनही कामाचे आहेत. ठरावीक कापडासाठी इंग्लंडला वर्षभर १०० माणसं लागतात, पोर्तुगालला ९०. ठरावीक वाइनसाठी इंग्लंडला १२०, पोर्तुगालला ८०. म्हणजे दोन्हीत पोर्तुगालच वरचढ. या वरचढपणाला ‘निरपेक्ष लाभ’ म्हणतात. पण इंग्लंडला वाइनसाठी पोर्तुगालच्या दीडपट माणसं लागतात, कापडासाठी जेमतेम १.११ पट. दोन्हीत मागे, पण त्यातल्या त्यात कापडात कमी मागे. हा ‘त्यातल्या त्यात’ माझ्या मते या संकल्पनेचा सर्वांत नेमका मराठी प्रतिशब्द आहे. परिभाषेत त्याला जागा मिळणार नाही, ही गोष्ट वेगळी. काहीजण इथे ‘वासरात लंगडी गाय शहाणी’ आठवतात. ती चुकते, कारण त्या गायीची तुलना इतरांशी आहे. ती निरपेक्ष लाभाची म्हण झाली.

तरी एक खड्डा राहतोच. ‘इंग्लंडमध्ये १०० हे १२० पेक्षा कमी, म्हणून कापड’ असा हिशेब बऱ्याचदा दिसतो. कापड आणि वाइन यांची मापंच वेगळी, त्यामुळे ही तुलना फोल आहे. पोर्तुगालला कापडासाठी ९० ऐवजी ६० माणसं लागतात असं धरा. इंग्लंड वाइनमध्ये पूर्वीसारखंच दीडपट मागे, पण कापडात आता १.६७ पट. इंग्लंडचे स्वतःचे आकडे जराही हलले नाहीत, तरी त्याचा तुलनात्मक लाभ वाइनकडे गेला. तुलना होते ती गुणोत्तरांची. ती सारखी निघाली, म्हणजे इंग्लंडला वाइनसाठी १२० आणि कापडासाठी १३५ माणसं लागली, तर दोन्हीकडे दीडपट. मग कुणालाच तुलनात्मक लाभ नाही आणि या कारणाने व्यापार करण्यात अर्थही नाही.

हेच खर्चाच्या भाषेत मांडलं, की ‘तुलनात्मक खर्चाचा सिद्धांत’ हे नाव अधिक चपखल वाटतं. फक्त ‘खर्च’ म्हणजे पैसे नव्हेत, तर एक वस्तू करताना सोडून द्यावी लागलेली दुसरी. वरच्या ठरावीक कापडाला आणि ठरावीक वाइनला प्रत्येकी एक नग म्हणू. मूळ आकड्यांत वाइनचा एक नग करताना पोर्तुगाल कापडाचा ०.८९ नग सोडतो (८० भागिले ९०), इंग्लंड १.२ (१२० भागिले १००). सौदा या दोहोंच्या मध्ये कुठेही ठरला तरी दोघांचा फायदा. नगाला नग ठरला, तर इंग्लंड १०० माणसांचं कापड देऊन १२० माणसांची वाइन मिळवतो, म्हणजे २० वाचली; पोर्तुगालची १०. ही ३० माणसं म्हणजे व्यापारापासूनचा लाभ. त्याची वाटणी ज्या दराने होते त्याला ‘व्यापारशर्ती’ म्हणतात. दर वाइनच्या नगाला कापडाचे १.२ नग इतका झाला, तर सगळा लाभ पोर्तुगालचा आणि इंग्लंडच्या हाती शून्य. कापडातला तुलनात्मक लाभ मात्र तेव्हाही इंग्लंडकडेच असतो.